दादाचं काम बघायला

वहिनीने स्वतःहून फोन केला, तेव्हाच नणंदेला वाटलं की काहीतरी वेगळं आहे. वहिनी म्हणजे तहानेने जीव व्याकुळ झाला तरी दुसऱ्याकडे पाणी न मागणारी बाई. संधिवाताने आधी गुडघे धरले, मग खुबे, मग चाकांची खुर्ची आली, पण कुणापुढे तोंड वेंगाडायचं नाही हे तिचं व्रत काही सुटलं नाही. दादा गेल्यापासून नणंद दर आठवड्याला जाऊन काय हवं-नको विचारायची आणि वहिनी दर वेळी "सगळं आहे" म्हणून तिला वाटेला लावायची. ती वहिनी फोनवर सरळ म्हणाली, "मला म्युझियममध्ये नेशील? रविवारपर्यंत."

कारण तिनेच पुढे सांगितलं. पेपरात आलं होतं. मातीच्या भांड्यांचं जुनं दालन सोमवारपासून बंद होणार, सगळी कपाटं मोडून नवी येणार, आतली मांडणीही नवी. दादाने नोकरीभर ज्या दालनासाठी काम केलं ते हेच.

दादा म्युझियममध्ये आधार करायचा. मडकं, वाडगा, एखाद्या मूर्तीचा तुटका हात, जे काही काचेच्या कपाटात ठेवायचं ते पडू नये, हलू नये म्हणून त्याला मागून आणि खालून धरणारी पितळेची तार किंवा पट्टी. ती वस्तूच्या अंगाबरहुकूम वाकवायची आणि वरून अशी रंगवायची की बघणाऱ्याला वाटावं, वस्तू आपली आपणच उभी आहे. नणंदेला हे माहीत होतं, पण लोकांना समजावत बसायचा तिला कंटाळा. "माझा भाऊ म्युझियममध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे," एवढं सांगून ती मोकळी व्हायची.

वहिनीचा राग याच कामावर. दादा संध्याकाळी घरी यायचा तो नखांत पितळेचा चुरा घेऊन. आज काय केलंस विचारलं तर म्हणायचा, "एक वाडगा धरला." बस, एवढंच. एक तरी वस्तू दाखव की जिच्याकडे बोट दाखवून मी म्हणेन ही माझ्या नवऱ्याने केली, असं ती म्हणायची, आणि तो म्हणायचा, "दिसली तर माझं काम बिघडलं म्हणायचं." आता हे ऐकून कुठल्या बायकोचं समाधान होईल? वहिनीचं तर मुळीच झालं नाही. चल एकदा म्हणून तो बोलवायचा, तर ती म्हणायची, काही दिसणारच नसेल तर येऊन करू काय. असं करता करता पाय गेले, आणि मागच्या वर्षी तोही गेला.

तर शेवटच्या रविवारी दोघी निघाल्या. टॅक्सीवाल्याने खुर्ची डिकीत घालताना तिचं एक हँडल दारावर आपटलं, आणि वहिनी म्हणाली, "वन्सं, त्यांना सांगा, मला डिकीत घातलं तरी चालेल, खुर्ची नीट ठेवा." वहिनी नणंदेला एरवी अगं-तुगं करायची. "वन्सं" आणि "तुम्ही" बाहेर आलं की समजायचं, बाई ताणात आहेत.

म्युझियमच्या पुढच्या दारापाशी पायऱ्या अशा की राजा-महाराजांनी उतरावं. चाकांच्या खुर्च्यांसाठी बाण होता तो इमारतीला वळसा घालून मागे जाणारा. कॅन्टीनच्या खिडक्या, कचऱ्याचे मोठे डबे, ओळीने लावलेल्या बादल्या, आणि मग एक उतार आणि त्याच्या टोकाला घंटा. उतार चढवताना नणंदेच्या नाकी नऊ आले. तिचं स्वतःचं वजन काही थोडंथोडकं नव्हतं, आणि गुडघे तिचेही कुरकुरतच होते. पण आपण थकलोय हे वहिनीला कळलं तर ती लगेच "चल परत" म्हणेल, म्हणून ती मुद्दाम बडबडत राहिली. बडबड हा तिचा धंदाच होता म्हणा. दातांच्या डॉक्टरकडे स्वागतकक्षात सारी हयात घालवलेली बाई. समोर बसलेल्या पांढऱ्याफटक माणसाला "काही दुखत नाही हो, कळणारसुद्धा नाही" असं हसून सांगणं, यात तिचा हात कुणी धरला नसता.

घंटा वाजवल्यावर लिफ्टवाला आला. लिफ्ट सामानाची, चावीने चालणारी. खुर्ची आत बसेना म्हणून त्याने पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या आणि वहिनीला आपले पाय स्वतःच्याच हातांनी वर उचलून धरायला लावले. तो म्हणाला, "आत्ताच एका दगडी देवीला वर नेलं. तिलाही असंच आडवं-तिडवं करावं लागलं." वहिनी म्हणाली, "तिचे गुडघे तरी दुखत नसतील." लिफ्टवाला हसला. नणंदेला बरं वाटलं. सकाळपासून वहिनी पहिल्यांदाच असं काही बोलली होती.

वरच्या मजल्यावर धातूच्या वस्तूंचं दालन आधी लागायचं, मग मातीच्या भांड्यांचं. आणि इथेच नणंदेने गोंधळ घातला.

तिचा हेतू वाईट नव्हता. तिला धास्ती होती ती वेगळीच. दादाचं काम दिसतच नसे, हे तिलाही माहीत होतं. वहिनी एवढ्या कळा सोसत आली, आणि समोर नुसती मडकी दिसली तर? त्या बाईने काय घेऊन घरी जायचं? या विचारात असताना तिला दालनाच्या मधोमध एक पितळेची तिवई दिसली. तीन पाय, प्रत्येक पायाला पंजा, वर वेलबुट्टी, आणि त्यावर एक थोराड भांडं. नणंदेची जीभ विचार करायला थांबलीच नाही.

"हे बघ वहिनी," ती म्हणाली. "हे दादाचं. मला सांगितलं होतं त्याने."

वहिनी बराच वेळ बघत राहिली. मग तिने आपला वाकडा झालेला हात पुढे केला. "एवढं छान करायचा तो?" ती अगदी हळू म्हणाली, आणि तिची बोटं एका पंज्याला लागली.

"हात नका लावू हं," निळ्या कोटातली, दालनावर नजर ठेवणारी बाई लगबगीने आली. आवाज प्रेमळ होता, पण आली लगबगीने. "फार जुनी आहे ती तिवई. आठशे वर्षांपूर्वीची. खरं तर तीच बघायची वस्तू आहे, वरचं भांडं नंतर कुणीतरी ठेवलंय."

नणंदेला तोंडात मारल्यासारखं झालं. वहिनीने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"आठशे वर्षं," ती म्हणाली. "वन्सं, तुमचे दादा चांगलेच चिवट निघाले."

निळ्या कोटातल्या बाईला काही कळलं नाही, ती हसून बाजूला झाली. नणंदही हसायला गेली, पण वहिनीचा चेहरा बघून तिचं हसू जागच्या जागी विरलं.

नणंदेने खुर्ची पुढच्या दालनात ढकलली. मातीच्या भांड्यांचं दालन लांबट, कपाटं दोन्ही भिंतींशी, उंच पायांवर उभी. नणंदेने खुर्ची पहिल्या कपाटासमोर नेली, बरोबर मधोमध, दोन पावलं अंतर ठेवून, जिथून बघायला चांगलं दिसतं तिथे. ब्रेक लावला. पाट्या वरच्या बाजूला होत्या, त्या तिने मोठ्याने वाचून दाखवल्या. धान्य साठवायचा रांजण. तेलाची कुपी. लहान मुलाचा वाडगा. वहिनी हूं की चूं करेना. दुसरं कपाट, तिसरं कपाट, तेच. मांडणी तर अशी की वाडगे हवेत तिरपे होऊन आपलं पोट दाखवत होते, पण कशाने धरलेत ते कळायला मार्ग नव्हता. दादाने ताकास तूर लागू दिली नव्हती.

"काय दिसतंय तुला?" शेवटी नणंदेने विचारलं.

"ट्यूबलाइट," वहिनी म्हणाली. "आणि काचेत माझं तोंड. आणि माझ्या डोक्यावर तुझं."

"मग जरा बाजूला घेऊ का?"

"राहू दे. तू मला खोटं कशाला सांगितलंस?"

नणंद म्हणाली, "तुला बरं वाटावं म्हणून."

"मला बरं वाटून नको होतं. मला बघायचं होतं." वहिनीचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या कपाटापुढचं जोडपं पुढे सरकलं. "तुला माहितीये, मला काय वाटायचं? हा घरी बसायला नको म्हणून इथे येतो. इथे कुणी बोलत नाही, काही मागत नाही. मडकी बायकोपेक्षा बरी. आणि मग मी अशी झाले. तेव्हा तो रोज मला उचलायचा, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. कसा उचलायचा माहितीये? बोटांच्या टोकांनी. एक हात इथे, एक तिथे, जेवढ्यास तेवढा. कधी घट्ट कवळून उचललं नाही. नर्स उचलायची ती पोत्यासारखी उचलायची, पण निदान पुरतं अंग लावून. याच्या हातात मात्र मी कधी आलेच नाही. मला वाटायचं, याला किळस येते माझी. सांगत नाही, पण येते."

आयुष्यभर वेदनेवर गोड बोलण्याचा मुलामा देणारी नणंद ती, पण या बोलण्यावर "काही दुखत नाही" म्हणायची तिची छाती झाली नाही. दादाला किळस येत नव्हती हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ते ठाऊक आहे म्हणजे काय? आत्ताच आठशे वर्षं जुनी तिवई दादाच्या नावावर घालणाऱ्या बाईचा शब्द तो. त्याला काय किंमत.

"थांब," ती म्हणाली. "इथे दादाच्या वेळचं कुणीतरी असेल. मी विचारून येते. तू बस."

"मी दुसरं काय करणार," वहिनी म्हणाली.

नणंदेने ब्रेक सोडून दिला, वहिनीला हवं तर वळता यावं म्हणून, आणि ती निघाली. निळ्या कोटातल्या बाईला विचारलं. तिने एका दाराकडे बोट केलं. दारावर कार्यशाळा अशी पाटी आणि खाली कुलूप. रविवार. लिफ्टवाल्याला विचारलं तर तो नवा, त्याने दादाचं नावही ऐकलं नव्हतं. खालच्या चौकशीच्या खिडकीवर एका तरुण मुलीने फार आपुलकीने ऐकून घेतलं आणि सोमवारी फोन करा म्हणाली. सोमवारी कपाटं मोडायला घेतील हो, असं नणंद म्हणाली, तेव्हा ती मुलगी ओशाळली. तिचा तरी काय दोष.

परत येताना नणंद जिन्याने आली, कारण लिफ्टवाला जेवायला गेला होता. धापा टाकत ती दालनाच्या दारात पोचली. वहिनी जागेवर नव्हती.

मग दिसली. लांबच्या कोपऱ्यातल्या कपाटापाशी. कपाट पायांवर उभं होतं ना, त्याखाली तिने खुर्चीची पुढची चाकं आणि आपले गुडघे सरकवले होते आणि कपाळ जवळजवळ काचेला टेकवलं होतं. एवढ्या जवळ नणंदेने तिला कधीच नेलं नसतं. नणंद तिला जिथे जिथे उभी करत होती, ती जागा स्वतः उभ्याने बघणाऱ्या माणसाची होती, आणि हे त्या क्षणापर्यंत तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"वहिनी?"

"खाली बस," वहिनी म्हणाली. तिने मान वळवली नाही.

"कुठे खाली?"

"जमिनीवर. माझ्याएवढी हो आधी. आणि मग वर बघ."

नणंदेने इकडेतिकडे पाहिलं. दालनात पाच-सात माणसं होती. मग तिने खुर्चीचा हात धरला, एक गुडघा टेकला, "आई गं" म्हणत दुसरा टेकला, आणि बूड जमिनीला लावून बसली. मान वर केली.

कपाटातल्या फळ्या काचेच्या होत्या. उभ्याने त्यांवर वाडगे दिसायचे. खालून, काचेतून, वाडग्यांच्या पाठी दिसत होत्या, आणि प्रत्येक पाठीला धरून पितळेची बोटं. कुठे तीन, कुठे चार. बारीक, वाकवलेली, टोकाला मऊ कातड्याचा एवढासा तुकडा लावलेली. एका मोठ्या तपकिरी वाडग्याला तर फक्त तीनच जागी धरलेलं होतं. एक बोट बुडाला, दोन बाजूंना, आणि तीही जेमतेम टेकलेली. एवढं जड भांडं त्या तीन टेकूंवर असं निवांत बसलं होतं की हलवायचं म्हटलं तरी हललं नसतं.

"ते कडेचं बघ," वहिनी म्हणाली. "तिथे भेग आहे वाडग्याला. बोट भेगेवरून गेलंय."

नणंदेने डोळे बारीक केले. भेग काळी, केसासारखी, वाडग्यावरून येत होती, पितळी बोटावर चढत होती आणि पलीकडे उतरून पुन्हा वाडग्यावरून जात होती.

"भेगसुद्धा रंगवलीय या माणसाने," वहिनी म्हणाली. "माझ्या हातून चिनी मातीच्या किटलीचं झाकण फुटलं होतं एकदा. मी भीतीने फडताळात मागे लपवून ठेवलं. दोन दिवसांनी बघते तर अख्खं. मला वाटलं, फुटलंच नव्हतं, मलाच भास झाला. आत्ता कळतंय." ती काचेच्या आणखी जवळ झाली. "मला सांगितलं नाही त्याने. सांगून टाकायचं की."

नणंदेला ती तीन बोटं सोडून दुसरं काही दिसतच नव्हतं. जेवढ्यास तेवढी. जिथे भार आहे तिथेच. बाकी अंगाला स्पर्शसुद्धा नाही, चुकून ओरखडा उठू नये म्हणून. दादाला मौल्यवान वस्तू धरायची ही एकच पद्धत येत होती. बायकोलाही त्याने तशीच धरली, आणि बायकोला वाटलं किळस येते.

तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीला हे सांगायची गरजच नव्हती. तिच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती हात उचलत नव्हती. एक हात तिने दुसऱ्या दंडाखाली नेला होता, काखेच्या जरा खाली, तिथे, जिथे तो धरायचा.

"पडलात का हो?" निळ्या कोटातली बाई धावत आली.

"नाही, नाही," नणंद म्हणाली. "बघतोय."

ती बाई आधी गोंधळली. मग नणंदेच्या नजरेच्या रोखाने तीही वाकली, आणखी वाकली, आणि तशीच राहिली. "मी इथे रोज उभी असते," ती थोड्या वेळाने म्हणाली. "कधी वाकून पाहिलंच नाही." वहिनी तिच्याकडे वळली आणि शांतपणे, एखाद्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं म्हणाली, "हे माझ्या नवऱ्याने केलंय." नणंदेने लग्नात, बारशात, कुठल्याच समारंभात वहिनीला इतक्या अभिमानाने बोलताना ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी सगळी कपाटं बघितली. सुरुवातीपासून, एकही न सोडता. वहिनी गुडघे कपाटाखाली सारायची आणि नणंद दर वेळी जमिनीवर बसायची, खुर्चीला धरून उठायची, पुन्हा बसायची. चौथ्या कपाटापाशी ती उठेचना. वहिनीने ब्रेक लावला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि म्हणाली, "धर मला." नणंदेने तिच्या खांद्यांना धरलं, निळ्या कोटातल्या बाईने मागून काखेत हात घातले आणि तिघींनी मिळून ते वजन एकदाचं उभं केलं. दालनातली दोन-चार माणसं बघत होती. बघू देत.

बंद व्हायची वेळ झाल्याचं कुणीतरी सांगून गेलं. दिवे एका बाजूने मालवायला सुरुवात झाली. नणंद खुर्चीमागे उभी राहिली, पण तिला खुर्ची ढकलवेना. उद्या हे सगळं मोडणार. पण वहिनीने पाहिलं. शेवटच्या दिवशी का होईना, पाहिलं. याचा तिला इतका आनंद झाला होता की जिभेला लगाम घालणं तिला जमलं नाही.

"एका परीने बरंच झालं वहिनी," ती म्हणाली. "तो बोलवायचा तेव्हा आली असतीस, पाय चालत होते तेव्हा, तर उभ्याने बघितलं असतंस. नुसती मडकी दिसली असती. घरी जाईपर्यंत भांडली असतीस त्याच्याशी."

वहिनीने त्यावर विचार केला. तिचा चेहरा शांत होता, राग नव्हता.

"हो," ती म्हणाली. "भांडले असते. टॅक्सीत बसल्यापासून भांडले असते, काय दाखवलंस म्हणून." मग तिने समोरच्या अंधारत चाललेल्या काचेकडे पाहिलं. "पण तो शेजारी असता गं."

नणंदेने वाकून आपला हात वहिनीच्या दंडाखाली नेला, काखेच्या जरा खाली, आणि घट्ट धरला.